आ माच्या वाफ्यातला पतंग

सिंगापूरहून परत आले त्याला महिना झाला. जो भेटतो तो एकच विचारतो, "काय काय पाहिलं?" उंच इमारती पाहिल्या, समुद्रात रांगेनं उभी असलेली जहाजं पाहिली, विमानतळाच्या आत कोसळणारा धबधबा पाहिला. पण ते सगळं तुम्हाला मोबाइलवरही दिसतं. मला सांगायचंय ते एका कांद्याच्या पातीबद्दल, आणि ते मी सांगितलं नाही तर दुसरं कोणी सांगणार नाही.

माझं गाव निफाड तालुक्यात. तीस वर्षं मी अंगणवाडी सेविका होते आणि त्याहून जास्त वर्षं कांदा केला. रोप टाकणं, लागवड, खुरपणी, काढणी, सगळं या हातांनी. मुलगी एकुलती एक, सुजाता. ती किड्यांचा अभ्यास करून डॉक्टर झाली. गावात अजून लोक तिला गुडघे दाखवतात. सिंगापूरला एका प्रयोगशाळेत ती भाज्यांवरच्या किडी ओळखण्याचं काम करते. तिचे वडील गेल्यापासून ती मला बोलवत होती. यंदा कांदा काढून चाळीत भरला, पुतण्याच्या हाती शेत सोपवलं आणि तीन आठवड्यांसाठी निघाले.

चोआ चू कांग

सुजाताचा फ्लॅट चोआ चू कांगला, अकराव्या मजल्यावर. जावई मरीन इंजिनियर, ते त्या महिन्यात जहाजावर होते, त्यामुळे घरात आम्ही मायलेकीच. तिथे कपडे वाळत घालायचे तर लांब बांबूत ओवायचे आणि तो बांबू खिडकीबाहेर आडवा खोचायचा. पहिल्याच सकाळी माझ्या नऊवारीसकट बांबू हातातून निसटता निसटता राहिला. सुजाता ओरडली, "आई, खाली माणसं चालतात!" पुढचे तीन आठवडे माझ्या साड्या घरात पंख्याखाली वाळल्या.

जेवायला खालच्या हॉकर सेंटरला गेलो. एका छपराखाली पंचवीस-तीस टपऱ्या, मध्ये टेबलं. एका रिकाम्या टेबलावर कागदी रुमालाचं छोटं पाकीट पडलं होतं. कोणाचं तरी विसरलं म्हणून मी ते उचलून काउंटरवर द्यायला निघाले, तर सुजातानं हात धरला. "ठेव, ठेव. जागा धरलीय कोणीतरी." मला एवढं हसू आलं! आपल्याकडे एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकतात तेच की. फक्त इथे त्या पाकिटाला कोणी हात लावत नाही, आपल्याकडे रुमालासकट सीट जाते.

सुजातानं माझ्यासाठी कुचाय क्वे आणले. तांदळाच्या पिठाची पातळ पारी, उकडीच्या मोदकासारखी, आणि आत गूळखोबऱ्याऐवजी चिरलेली हिरवी पात. वास लसणाचा, चव कांद्याच्या जवळची. "हे कुचाय," ती म्हणाली. "आपल्या कांदापातीची चुलत बहीण. पान पोकळ नसतं, चपटं असतं." मी चार खाल्ले. सुजातानं एक खाऊन काट्यानं दुसरा नुसता उकलून ठेवला.

"काय झालं गं?"

"या पानानं माझी झोप उडवलीय, आई."

मग तिनं सांगितलं. जवळच एका शेतकऱ्याच्या कुचायच्या पानांवर पांढरे पट्टे पडत होते. औषध विकणारा माणूस म्हणाला पानाचा रस शोषणारे फुलकिडे आहेत, आणि दर आठवड्याला फवारणी करवली. पट्टे गेले नाहीत. उलट एका तोड्याच्या तपासणीत औषधाचा अंश जास्त निघाला आणि तो सगळा माल फेकावा लागला. तेव्हा सुजाताकडे पानं आली. तिला ते फुलकिडे वाटले नाहीत. तिनं फवारणी थांबवायला सांगितली. शेतकऱ्यानं तिच्या शब्दावर थांबवली, आणि दहा दिवसांत पट्टे दुप्पट झाले.

"किडा सापडला का?"

"तोच तर सापडत नाही. आतून खाल्लेलं दिसतं, खाणारा दिसत नाही. वरिष्ठ म्हणतात, आठवडाभरात नक्की काय ते सांग, नाहीतर फुलकिडे लिहून मोकळी हो. शेतकरी म्हणतो, एवढ्यानं नाही जमलं तर कुचाय उपटून टाकतो. वीस वाफे आहेत त्याचे."

मी म्हटलं, "मला ने."

अंकल सेंगचं शेत

शनिवारी सकाळी बसनं गेलो. वाटेत भलंमोठं कबरस्तान लागतं. ते संपलं की इमारती मागे पडतात आणि अचानक शेतं सुरू होतात. सिंगापूरला शेती आहे हे मी गावात सांगितलं तर कोणाला पटत नाही. आहे, थोडी आहे, पण नीटनेटकी आहे. उंच वाफे, मध्ये सिमेंटच्या चाऱ्या, वर पाइप. माती मात्र तांबूस, आपल्या काळ्या रानासारखी नाही. मी मूठभर हातात घेऊन दाबून पाहिली तर हाताला चिकटून बसली.

शेतकऱ्याला सगळे अंकल सेंग म्हणतात. साठीचा माणूस, गमबूट, गळ्यात पंचा. मला पाहून सुजाताला म्हणाला, "युवर मदर? फार्मर आल्सो? वाह, गुड लाह!" आणि माझा हात दोन्ही हातांत धरून हलवला.

तो औषधवालाही आला होता. इस्त्रीचा शर्ट, हातात नवीन औषधाची बाटली. आमच्यासमोर त्यानं सुजाताला विचारलं, "सो डॉक्टर, व्हॉट इन्सेक्ट?"

सुजाता म्हणाली, "आय डोन्ट नो येट."

एवढं इंग्रजी मला कळतं. तो माणूस हसला आणि बाटली अंकलपुढे धरली. माझं तोंड कडू झालं. एवढं शिकून, परमुलखात, परक्या माणसासमोर 'मला माहीत नाही' म्हणायचं? मी हळूच म्हटलं, "अगं, काहीतरी तरी सांगायचंस."

"काहीतरी सांगितलं की काहीतरी फवारतात, आई," ती म्हणाली. आवाज शांत होता, पण कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. लहानपणापासून तिच्या तशाच होतात.

अंकलनं बाटली घेतली नाही. नाकारलीही नाही. म्हणाला, सोमवारपर्यंत बघतो.

मी वाफ्यावाफ्यानं फिरले. कुचाय दर तीन-चार आठवड्यांनी जमिनीलगत कापतात, पुन्हा फुटतं. मी सुजाताला विचारलं, "पान कापून बाजारात गेलं की आतला किडाही गेला. मग नवीन फुटीवर येतो कुठून?"

ती म्हणाली, "मीही तेच शोधतेय. तो किडा जगेल असं कांद्याच्या कुळातलं दुसरं पीक आसपास कोणाकडे नाही."

घराकडे वळलो तर पत्र्याच्या पडवीमागे, न्हाणीघराच्या पाण्यावर, एक लहानसा वाफा दिसला. कांदापात! लांब, पोकळ, आपली ओळखीची. मी गेले ती सरळ उकिडवी बसले. पातीवर जागोजागी पांढुरक्या खिडक्या होत्या. वरचा पापुद्रा शाबूत, आतला गर खाल्लेला. आपल्याकडे पातीत शिरणारी अळी अशीच खाते. बाहेरून कितीही फवारा, ती आत घरात बसलेली. मी एक पात तोडली, अंगठ्याच्या नखानं उभी चिरली आणि उघडली.

आत अळी होती. तांदळाच्या कणीपेक्षा थोडी लांब, फिकट पिवळी, डोकं तपकिरी. उजेड लागल्याबरोबर वळवळून मागे सरकली.

"सुजा!"

सुजाता पळत आली. गुडघ्यांवर बसली, भिंग काढलं, श्वास रोखून पाहिलं. मी म्हटलं, "आपलीच ती, पातीतली."

"नाही. आपली हिरवी असते आणि मोठी होते. ही वेगळी आहे." मग माझ्याकडे पाहिलं. "आई, मी इथे चार वेळा आले. हा वाफा विकायचा नाही म्हणून मला कोणी दाखवला नाही, आणि मीही पडवीमागे आले नाही."

तेवढ्यात पडवीतून काठी आपटल्याचा आवाज आला. अंकलची आई. सगळे तिला आ मा म्हणतात, म्हणजे आजी. नव्वदीला टेकलेली, पांढरेशुभ्र केस मागे बांधलेले. तिची पात तोडली म्हणून ती रागावली होती. ती तिच्या भाषेत बोलली, अंकलनं इंग्रजीत सांगितलं, सुजातानं मराठीत. हा वाफा तिचा. रोज चार पाती कापून शेजाऱ्यांना देते. मुळासकट कधी उपटत नाही.

तिच्या पाठीमागे देव्हारा होता, पांढऱ्या वस्त्रांतली क्वान यिन, त्यांची करुणेची देवी, आणि बाजूला बुद्धमूर्ती. मी हात धुतले, मूर्तीसमोर बसले आणि घरी रोज म्हणते तसं त्रिसरण म्हटलं. 'बुद्धं' हा शब्द आ माच्या कानावर पडला. ती पुढे आली, मूर्तीकडे बोट केलं, माझ्याकडे केलं, आणि मान डोलावली. मग माझ्यासाठी स्वतः चहा ओतला, बिनदुधाचा, बिनसाखरेचा. मी तो प्यायले. हेही सांगण्यासारखंच आहे, कारण तसला चहा मी आयुष्यात प्यायले नव्हते.

तिथेच कळलं की आ मा कांदा, लसूण, कुचाय काहीच खात नाही. त्यांच्यातले व्रतस्थ बौद्ध या उग्र वासाच्या भाज्या वर्ज्य मानतात. मी चाट पडले. आमच्या घरी रोज वंदना आणि रोज कांदा! चाळीस वर्षं मी पिकवला आणि खाल्ला. ही बाई साठ वर्षं पिकवतेय आणि जिभेला लावत नाही, फक्त दुसऱ्यांसाठी. सुजातानं अंकलमार्फत माझं आश्चर्य तिला पोचवलं. आ मा खुदकन हसली. तोंडात तीनच दात होते.

सुजातानं सहा अळ्या पातींसकट डब्यांत घेतल्या. अंकलला म्हणाली, "प्लीज, बारा दिवस द्या. यातून पतंग बाहेर पडला की मी नाव सांगेन." अंकलनं वाफ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "कॅन. ट्वेल्व डेज, कॅन." वरिष्ठांकडूनही तिनं फोनवर तेवढीच मुदत मागून घेतली.

वाट बघण्याचे दिवस

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी सुजाता कामावरून आली ती चप्पल न काढता सोफ्यावर बसली. चार अळ्या मेल्या होत्या. डब्यातली कापलेली पात पिवळी पडून सडली, त्यावर बुरशी आली, अळ्या गेल्या. दोन उरल्या.

"पात कापून कशाला ठेवतेस?" मी म्हटलं. "कांद्याला मूळ ठेव, कुंडीत लाव, वरून जाळी घाल. कांदा घरात टोपलीत पडला तरी फुटतो. त्याला जगायला फार लागत नाही, पण मूळ लागतं."

ती चटकन उठली. "एवढं साधं!" म्हणाली. दुसऱ्या दिवशी हॉकर सेंटरशेजारच्या भाजीवाल्याकडून मी स्वतः मुळं असलेली पात निवडून दिली. तिनं ती प्रयोगशाळेत कुंडीत लावली, नीट तपासली आणि उरलेल्या दोन अळ्या त्यावर सोडल्या.

रविवारी, तिचं लक्ष दुसरीकडे लागावं म्हणून, मीच म्हटलं कुठेतरी जाऊ. गेलो पुलाउ उबीनला. बेट आहे छोटं, लाकडी होडीनं जायचं. धक्क्यावर होडीवाला बाराजण जमल्याशिवाय हलेना. मला एकदम आपली काळीपिवळी जीप आठवली, फक्त इथे बारा म्हणजे बाराच, तेरावा टपावर नाही. बेटावर जुनी लाकडी घरं, पत्र्याची छपरं, अंगणात कोंबड्या, नारळ. एवढ्या श्रीमंत देशानं एक कोपरा तसाच ठेवलाय. तिथे सायकली भाड्यानं मिळतात. मी शेवटची सायकल अंगणवाडीच्या ट्रेनिंगला जाताना चालवली होती. सुजाता नको म्हणत असताना बसले, पन्नास पावलं झकास गेले आणि उतारावर ब्रेक न सापडून सरळ गवतात. लागलं नाही. पण समोर एक रानडुक्कर पिलांसह उभं होतं, आणि आम्ही दोघींनी एकमेकींकडे जे पाहिलं ते मी विसरणार नाही. ते निघून गेल्यावर सुजाता गवतात बसून पोट धरून हसली. आल्यापासून पहिल्यांदाच.

परत येताना होडीत ती म्हणाली, "आई, दोन्ही मेल्या तर?"

"तर पुन्हा जाऊ, पुन्हा पात चिरू."

"आणि अंकल?"

मी साडीला चिकटलेलं गवत वेचत राहिले.

पतंग

दहाव्या दिवशी सकाळी मी पोहे भिजवत होते, तेव्हा फोन आला. "आई, टॅक्सी पाठवतेय. ये."

प्रयोगशाळेत मला पांढरा कोट घातला, बाह्या दोनदा दुमडाव्या लागल्या. जाळीत, पातीच्या मध्यावर, एक कोष होता. आपण रेशमाचा कोष पाहतो तसा बंद नव्हे, विणलेल्या जाळीसारखा, आतलं दिसेल असा. रिकामा. आणि वर, पातीच्या टोकाशी, पंख मिटून बसलेला पतंग. गव्हाच्या दाण्याएवढा. तपकिरी, आणि पाठीवर दोन्ही पंख जुळतात तिथे एक पांढरा त्रिकोण, कोणी नखानं कोरल्यासारखा. दुसरी अळी मेली होती. जगला तो हा एकच.

सुजातानं दोन दिवस तपासणी केली, दुसऱ्या एका तज्ज्ञालाही दाखवलं, आणि मगच नाव लिहिलं. पात पोखरणारा पतंग, कांदा-लसणाच्या कुळावर जगणारा. त्याचा युरोपातला भाऊ लीकवर, म्हणजे जाड दांड्याच्या कांदापातीवर, असाच जगतो. बाकी कुठल्या पिकाला तोंड लावत नाही. फवारणीचा उपयोग नव्हता, कारण अळी आत होती. कुचाय कापलं की तिथली अळी जायची, आणि आ माच्या कधीच न उपटलेल्या वाफ्यातून नवे पतंग उडून यायचे. मधे पट्टे दुप्पट झाले ते फवारणी थांबल्यानं नाही, पतंगांची नवी पिढी उडाल्यानं.

शेतावर पुन्हा सगळे जमले. औषधवाला होता, सुजाताचे वरिष्ठही आले होते. सुजातानं कांदापात आणि कुचाय दोन्हीची पानं उघडून आतून सारखंच खाल्लेलं दाखवलं, फोटो दाखवले, कुचायवर बारीक जाळी कशी ताणायची, पट्टे पडलेली पानं कशी वेगळी काढायची ते सांगितलं. औषधवाल्यानं शेवटी विचारलं, "देन स्प्रे व्हॉट?" ती म्हणाली, "नथिंग." त्यानं बाटली पिशवीत टाकली आणि फोटो पुन्हा मागून घेतला, नीट पाहिला. चांगला माणूस असावा. त्यालाही शिकायचं होतं.

मी बाजूला उभी होते. बारा दिवसांपूर्वी याच जागी माझ्या मुलीनं 'मला अजून माहीत नाही' म्हटलं तेव्हा मी शरमले होते. आता मला कळलं की त्या दिवशी सगळ्यांत अवघड वाक्य तिनंच म्हटलं होतं. मी किती हंगाम शेजाऱ्याचं ऐकून फवारे मारले, किती वेळा माहीत नसताना माहीत आहे म्हटलं! तिचे वडील असते तर त्यांनी अख्ख्या गावाला पेढे वाटले असते.

पण एक काम उरलं होतं. आ माचा वाफा उपटायचा होता, मुळासकट. अंकल आईला सांगायला धजेना. सांगितलं तेव्हा म्हातारी वाफ्यापुढे स्टूल टाकून बसली, काठी आडवी धरून. तिला राग कमी आणि अपमान जास्त वाटला होता, हे मला भाषा न कळता कळलं. साठ वर्षं जे दुसऱ्यांसाठी लावलं त्यातून मुलाच्या शेतात कीड गेली, असं ऐकायला कोणाला आवडेल?

मी तिच्यापाशी खाली बसले. मराठीतच बोलले. म्हटलं, "आजी, तुमचा दोष नाही. माझ्या रानातही अशीच आली असती तर मलाही कळलं नसतं. वाफा रिकामा ठेवू थोडे दिवस. मग पुन्हा लावा." सुजाता अंकलला इंग्रजीत सांगायला पुढे आली, तिला मी हातानं थांबवलं. एक पात चिरली, अळी आ माच्या तळहातावर ठेवली. तिनं ती डोळ्यांजवळ नेऊन बराच वेळ पाहिली. तिची तिनंच पाहिली, कोणाच्या सांगण्यावरून नाही.

मग काठी बाजूला ठेवली आणि पहिलं रोप स्वतः उपटलं.

आम्ही दोघींनी मिळून वाफा मोकळा केला. ती एका टोकाकडून, मी दुसऱ्या. तिचा हात अजून माझ्यापेक्षा सराईत, एकही मूळ तुटलं नाही. सगळं पिशव्यांत बांधून सुजातानं नष्ट करायला नेलं. शेवटी आ मा आत गेली आणि माझ्या ओंजळीत भोपळ्याच्या बिया आणून ओतल्या. अंकल म्हणाला, "शी सेज, नेक्स्ट टाइम प्लांट धिस. धिस वन शी कॅन ईट." आणि सगळे हसले, आ मा सुद्धा. बिया मी तिच्याच वाफ्यात लावून आले. घरी नेल्या नाहीत, कारण सुजातानं सांगितलं की बी परदेशातून असं आणता येत नाही.

निघायच्या आदल्या दिवशी

सुजातानं मला पुन्हा प्रयोगशाळेत नेलं. लाकडी खण उघडला. आत टाचण्यांवर लावलेले किडे, ओळींनी. एका टाचणीवर तो पतंग. त्याखाली नखाएवढी कागदाची चिठ्ठी. "वाच," ती म्हणाली आणि भिंग दिलं.

अक्षरं मुंगीएवढी आणि इंग्रजी. मी एकेक जुळवत वाचत गेले. सिंगापूर. चोआ चू कांग. कांदापातीवर. तारीख. आणि शेवटच्या ओळीत, ज्यानं किडा शोधला त्याचं नाव लिहायची जागा. तिथे कमल. माझं नाव.

"तुझं नाव घाल की," मी म्हटलं. "शिकलीस तू. ओळखलास तू."

"ओळखणाऱ्याचं वेगळ्या चिठ्ठीवर असतं, आई. ते आहे खाली. पण सापडला कोणाला ते खोटं कसं लिहू?"

आमच्या सातबाऱ्यावर सासऱ्यांचं नाव होतं, मग यांचं, आता कागदपत्रं पुतण्या बघतो. कांद्याच्या गोण्यांवर व्यापाऱ्याचं. मला त्याचं कधी काही वाटलं नाही. पण त्या खणाशी मी उभी राहिले आणि भिंग खाली ठेववेना. सुजाता म्हणाली ही चिठ्ठी आता काढत नाहीत, शंभर वर्षांनी कोणी हा पतंग पाहिला तरी ती वाचूनच पाहील.

मी तिला विचारलं, आणखी एकदा बघू का? ती म्हणाली, "बघ ना." मी पुन्हा भिंग डोळ्याला लावलं.